बरोबरी झाली तर डाळ

"पोरगं हाय, शिकंल."

सरांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या कॉलेजच्या डीनबद्दल. डीन साठीला टेकलेले, परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेले गृहस्थ. त्यांनी फुटबॉलच्या सरावाच्या ऐन दिवसांत मैदानावर पदवीदान समारंभाचा मांडव घालायला सांगितला होता. सरांनी मांडवाकडे पाहिलं, गळ्यातली शिट्टी तोंडात धरली, न वाजवता या गालातून त्या गालात फिरवली आणि तेवढंच म्हणाले. पुढे हेच वाक्य मी गोल चुकवणाऱ्या मुलांबद्दल, वेगाचा दंड लावणाऱ्या पोलिसाबद्दल आणि पन्नाशी उलटलेल्या माझ्या नवऱ्याबद्दलही ऐकलं. नवऱ्याला ते फारसं आवडलं नव्हतं.

आमचं खाजगी कॉलेज ओमानमधल्या अल खौदमध्ये. मी तिथली ग्रंथपाल. कॉलेजला मैदान होतं, पण खेळाचं सामान ठेवायला खोली नव्हती. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की सामान ग्रंथालयात ठेवावं, आणि सामानामागोमाग खेळाचे सरही ग्रंथालयात आले. ज्ञानकोशांच्या कपाटामागे खिळ्याला चेंडूंची जाळी लटकू लागली. पुण्यात ग्रंथपालनाचा अभ्यासक्रम करताना मला चेंडूंचं वर्गीकरण कुणी शिकवलं नव्हतं. मी ते संदर्भ विभागात टाकले, म्हणजे बाहेर न्यायला परवानगी लागते. सर रोज संध्याकाळी हात जोडून परवानगी मागायचे आणि मी रोज ती द्यायची.

सर कोल्हापूरचे. आता कोल्हापूर म्हटलं की तुम्हाला कुस्ती आठवेल, पण तिथल्या पेठांना विचारा, फुटबॉलवरून घरातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. सर तरुणपणी एका तालमीच्या संघात लेफ्ट बॅक होते. पुढे शाळेत, मग कॉलेजात खेळ शिकवायला लागले. तालमीचा संघ खेळवायची त्यांची फार इच्छा, पण तालमीतली थोर मंडळी म्हणायची, "मास्तर, तुमी आपली शाळंतली पोरं सांभाळा." हे त्यांना लागलं होतं. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आले की हात धुता धुता एकदा तरी म्हणायचेच, "वहिनी, मरायच्या आत एकदा दाढीवाली माणसं खेळवायची हायत."

त्यांची खेळवायची पद्धत मात्र पक्की मास्तरांची. सराव सुरू व्हायच्या आधी हजेरी. प्रत्येकाने ताठ उभं राहून "प्रेझेंट सर" म्हणायचं. जो आला नाही त्याच्या आईला फोन. वडिलांना का नाही, असं मी विचारलं होतं. "बाप म्हंतो, बघतो. आई लगेच बघती," असं उत्तर मिळालं.

मोबाईल ते मैदानावर नेत नसत, म्हणून सगळ्या आयांना त्यांनी ग्रंथालयाचा नंबर देऊन टाकला. पाच वाजले की माझ्या टेबलावरचा फोन सुरू. पलीकडून ओमानी आई विचारायची, "वसल?" म्हणजे पोचला का. मी खिडकीतून मैदानावर नजर टाकायची आणि सांगायची, "वसल." इतकी वर्षं ओमानात काढून माझं अरबी एवढंच पुढे गेलं, पण या एका शब्दावर अख्ख्या अल खौदमधल्या बायका मला ओळखत होत्या.

दुसरी पद्धत रश्श्याची. सामन्यानंतर सगळा संघ सरांच्या फ्लॅटवर जेवायला. जिंकलं तर तांबडा रस्सा, हरलं तर पांढरा. कांदा-लसणीची चटणी दर सुट्टीत कोल्हापूरहून यायची. खसखशीला इथे बंदी, म्हणून पांढऱ्याला काजू वाटायचे. तांबड्याचा पहिला घोट घेतला की मुलं डोळे पुसत ओरडायची, "नार, सर, नार!" नार म्हणजे आग. तरी पुढच्या सामन्यात त्या आगीसाठी जिवाचं रान करायची.

"आणि बरोबरी झाली तर?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"बरोबरी झाली तर डाळ," सर म्हणाले. "बरोबरीला मटण घालाया काय माझं डोस्कं फिरलंय?"

तेव्हा ओमानच्या लीगला 'प्रोफेशनल' हे बिरुद नुकतंच लागलं होतं. बातिना किनाऱ्यावरच्या एका गावाचा क्लब त्या लीगमध्ये गटांगळ्या खात होता. हंगामाच्या मध्यावर त्यांचा परदेशी कोच सामान बांधून निघून गेला. क्लबच्या अध्यक्षांचा पुतण्या आमच्या कॉलेजच्या संघात खेळायचा, आणि त्या वर्षी आम्ही कॉलेजांची स्पर्धा जिंकली होती. पुतण्याने काकांच्या कानाला लागून लागून अखेर सरांना बोलावणं धाडायला लावलं. हंगाम संपेपर्यंत क्लबला वरच्या लीगमध्ये टिकवून दाखवायचं, घसरू द्यायचं नाही, एवढंच काम. डीननी रजा दिली. शिकले होते बहुतेक.

त्या शुक्रवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर जी चर्चा झाली तिला तोड नाही. नवरा क्रिकेटवाला, पण मत कुठल्याही खेळावर तयार. तो म्हणाला, "सर, मी स्पष्ट बोलतो. कॉलेजचा कोच प्रोफेशनल लीगमध्ये चालत नाही. जगात कुठेच नाही. कॉलेजात पोरांना हजेरीची भीती असते, परीक्षेची असते. क्लबातल्या माणसाला भीती कुणाची?"

सरांनी आमटीचा भुरका मारला. "आईची," ते म्हणाले.

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

क्लबाच्या पहिल्या दिवशी सरांनी त्या दाढीवाल्यांची हजेरी घेतली. मी ते बघायला नव्हते, पण अध्यक्षांच्या पुतण्याने ग्रंथालयात येऊन सगळं करून दाखवलं. कुणाला तीन मुलं, कुणी लष्करात, कुणी बँकेत, आणि सगळे रांगेत उभे राहून "प्रेझेंट सर" म्हणतायत. आफ्रिकेतून आणलेला सेंटर फॉरवर्ड तर इतक्या उत्साहाने म्हणाला की सरांनी त्याला बसायला सांगितलं. फक्त कॅप्टन काही बोलला नाही. तो पोलीस खात्यात, भरघोस मिशीचा, गावातला मानाचा माणूस. नाव पुकारल्यावर त्याने एक भुवई वर केली. सरांनी भुवईवर हजेरी लावली.

चौथ्या की पाचव्या दिवशी कॅप्टन सरावाला आला नाही. ड्यूटी आहे, असा निरोप होता. झालं, सरांचा हात सवयीने क्लबातल्या फोनकडे गेला. ड्यूटी कधी संपते एवढंच विचारावं म्हणून त्यांनी कॅप्टनच्या आईला फोन लावला. घर बलुची, तिथे हिंदी चांगली चालायची.

"ड्यूटी?" आई म्हणाली. "ड्यूटी किधर? वो तो ऊँट के पास गया."

कॅप्टनने शर्यतीसाठी एक तरुण उंटीण घेतली होती आणि संध्याकाळी तिला पळवायला वाळवंटात जात होता. आईने लगेच त्याला फोन केला. त्याने "मी ड्यूटीवर आहे" म्हणेपर्यंत मागून उंटीण ओरडली.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन आला तो तरातरा सरांसमोर येऊन उभा राहिला. "तुम मेरी माँ को फोन किया?" सगळा संघ बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकला. "मेरा उमर तुमको मालूम है? मेरा बेटा इस्कूल जाता है. उसका टीचर भी मेरी माँ को फोन नहीं करता."

अध्यक्षांनी सरांना बाजूला घेऊन खजूर पुढे केला आणि समजावलं, "कोच, ये बच्चा लोग नहीं है. प्रोफेशनल है. फोन-बोन खलास."

पुढचे दोन्ही सामने क्लब हरला. कॅप्टन मैदानावर असा चालायचा जणू बागेत आलाय, आणि बाकीचे त्याच्याकडे बघून चालायचे. आणखी घसरले असते तर थेट खालच्या लीगमध्ये. सरांनी दोन्ही वेळा नियमाप्रमाणे पांढरा रस्सा केला, पण खायला कुणीच आलं नाही. तो आम्हीच खाल्ला. नवऱ्याला चांगली संधी होती, पण सरांचं तोंड बघून तो भाताकडे बघत राहिला.

"शिकंल," सर म्हणाले.

"कोण, कॅप्टन?" मी विचारलं.

"मी वो. दुसरं कोण."

हा माणूस स्वतःला कधी पोरगं म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "वहिनी, उद्या मोकळ्या हाय का? त्याच्या घरी जाऊन माफी मागायची हाय. आईसंगं बोलायचं तर संगं बाईमाणूस पायजे." आणि उरलेल्या पांढऱ्या रश्श्याचं पातेलं त्यांनी झाकण बांधून तयार ठेवलं.

तर अशी आमची वरात. गाडी नवरा चालवतोय, मागे मी, माझ्या मांडीवर पातेलं, आणि पुढे सर शिट्टी चघळतायत. समुद्राच्या बाजूचं घर, अंगणात लिंबाचं झाड, झाडाखाली ती उंटीण. तिने आमच्याकडे जे पाहिलं त्यावरून ती कॅप्टनच्याच घरातली हे कुणीही ओळखलं असतं.

आई ठेंगणी, ठसठशीत, हातात चांदीच्या जाड पाटल्या. तिने आम्हाला बसवलं, हलवा दिला, कहवा ओतला. सरांनी पेला खाली ठेवला आणि कॅप्टनकडे वळून सरळ म्हणाले, "माफ करो. तुम्हारी माँ को फोन करना नहीं मंगता था. कालेज का आदत है." कॅप्टनने मिशीवर हात फिरवला. भुवई जराशी हलली.

आईचं लक्ष पातेल्याकडे होतं. "ये क्या है?"

"हारने का शोरबा," सर म्हणाले.

तिने वाटीत घेऊन चाखला. चांगला आहे म्हणाली. "और जीतने का?"

"वो लाल होता है."

"तो लाल क्यों नहीं लाया?"

"आपका लड़का जिताएगा तो लाएगा."

ती हसली नाही. तिने वाटी खाली ठेवली आणि मुलाकडे मोहरा वळवला. "इतना साल खेला तू. आज तक किसी कोच ने मेरे को फोन नहीं किया. तू अच्छा खेलता, बुरा खेलता, मेरे को कौन बताया? कभी बोला, अम्मा, चल देखने?"

"तू कभी बोली, देखना है?" कॅप्टन पुटपुटला.

"माँ को बोलना पड़ता है?"

बत्तीस-तेहेतीस वर्षांचा तो दांडगा पोलीस आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला. बाहेर उंटीण ओरडली, तिला मात्र त्याने गप्प बसवलं.

येताना गाडीत सरांनी तोंडातली शिट्टी काढली. मग मागे वळून म्हणाले, "वहिनी, चुकलंच माझं. पोरांच्या आयांना पोरांची चूक सांगायची. दाढीवाल्यांच्या आयांना कौतुक सांगायचं. त्यास्नी ते कोण सांगतच न्हाई." नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून फोन पुन्हा सुरू झाले, पण उलटे. गोलकीपरच्या आईला, आज तुमच्या मुलाने काय झेप घेतली. बँकवाल्याच्या आईला, आज त्याचा पास असा गेला की डोळे निवले. अध्यक्ष खलास म्हणाले होते त्यांच्याही आईला सरांनी फोन केला, तुमचा मुलगा रोज सरावाला येऊन बसतो म्हणून. त्यानंतर अध्यक्षांनी तो विषय काढला नाही.

आणि पुढच्या सामन्याला आया आल्या. कॅप्टनची आई पुढे, मागे बाकीच्या, काळे अबाये, हातात कहव्याचे थर्मास, हलव्याचे डबे. स्टेडियमच्या एका कोपऱ्यात त्यांनी असं बस्तान मांडलं की तिकीट तपासणारा माणूस स्वतःच थर्मास उचलायला लागला. आफ्रिकेच्या सेंटर फॉरवर्डची आई तिथे नव्हती, म्हणून कॅप्टनच्या आईने त्यालाही आपल्यात घेतलं. तो पडला की ती उभी राहून पंचाला बलुचीत काहीतरी सुनवायची. पंच बलुची नसावा, हे त्याचं नशीब.

कॅप्टन त्या दिवशी चालला नाही, पळला. तांबडा रस्सा सरांच्या फ्लॅटवर शिजला, जिन्यापर्यंत माणसं बसली, आणि "नार, कोच, नार!" हे दाढीवाल्या आवाजात ऐकून खालच्या मजल्यावरच्या केरळी कुटुंबाने दार उघडून आग कुठे लागली ते विचारलं. पुढेही तांबडा बऱ्याचदा झाला. पांढराही झाला, नाही असं नाही, पण आता तो खायला सगळे यायचे.

शेवटचा सामना आला तेव्हा हिशोब सोपा होता. हरलो तर खालच्या लीगमध्ये, बरोबरी झाली तरी वाचलो. मला फुटबॉलातलं काही कळत नाही. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात हे ठाऊक नसल्याने मी बराच वेळ चुकीच्या गोलकीपरला शाबासकी देत होते. आम्ही एका गोलाने मागे होतो. सर रेषेवर उभे, शिट्टी या गालातून त्या गालात. कॅप्टनच्या आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या पाटलीचा वळ दुसऱ्या दिवशीही होता.

शेवटी शेवटी कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला आणि गर्दीतून मिशी वर आली. गोल.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. आया नाचत होत्या. थर्मासाचं झाकण कुठे उडालं ते सापडलं नाही. माझा नवरा, क्रिकेटचा निष्ठावंत, अध्यक्षांच्या गळ्यात पडला होता आणि दोघांनाही एकमेकांचं नाव माहीत नव्हतं. कॅप्टन मैदानातून सरळ आमच्या कोपऱ्याकडे पळत आला, आणि आईने वरूनच विचारलं, "तो अब लाल?"

"नहीं," सर खालून ओरडले. "बरोबरी है. दाल."

अध्यक्ष विनवत होते, बोकड कापतो म्हणत होते. सर हलले नाहीत. नियम म्हणजे नियम. त्या संध्याकाळी प्रोफेशनल लीगमध्ये टिकलेला अख्खा क्लब अल खौदच्या एका फ्लॅटमध्ये मांडी घालून डाळभात खात होता, आणि इतकी आनंदाने खाल्लेली डाळ मी जन्मात पाहिली नाही. जेवण वाढण्याआधी सरांनी सवयीने हजेरी घेतली. कॅप्टनचं नाव आलं. तो उठून ताठ उभा राहिला, हातात ताटली.

"प्रेझेंट सर."

सरांनी मान वळवली आणि डाळीत मीठ बघायला स्वयंपाकघरात गेले. मीठ मीच घातलं होतं आणि ते बरोबर होतं. पण ते परत येईपर्यंत कुणी घास उचलला नाही.

महिन्याभरात अध्यक्ष ग्रंथालयात आले. खजुरांची मोठी पेटी आणली होती, बोलणं फार गोड होतं. क्लब वाचला म्हणून आता पुरस्कर्ते मिळाले होते, आणि पुरस्कर्त्यांना युरोपातला नाववाला कोच हवा होता. "आप बहुत अच्छा किया, कोच. मगर आप कालेज का आदमी है." सरांनी पेटी घेतली, त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन माझ्यासमोर बसले. मी चिडले होते. नवा कोच तिशीतला आहे, त्याला काय येतं, असं काहीतरी मी बोलले.

"पोरगं हाय, शिकंल," सर म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "कालेजात पोरं जात्यात, मास्तर ऱ्हातो. क्लबात पोरं ऱ्हात्यात, मास्तर जातो. मला ह्ये उलटं कुणी सांगितलंच न्हवतं, वहिनी." डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांनी पेटी उघडली आणि पहिला खजूर मला दिला.

कॉलेजचा कोच प्रोफेशनल लीगमध्ये चालतो की नाही? आमच्या टेबलावर हा वाद पुढेही चालू राहिला. नवरा म्हणायचा, चालला नाही, काढलाच ना. मी म्हणायची, चालला, क्लब टिकला ना. सर आमटीचा भुरका मारायचे. म्हणायचे, "बरोबरी धरा की."

आणखी काही वर्षं त्यांनी मुलं खेळवली. मग करार संपला, कोल्हापुरात आई थकली होती, आणि ते परत गेले. खिळा रिकामा झाला. चेंडूंची जाळी नव्या इमारतीतल्या खेळाच्या खोलीत गेली, आणि माझा संदर्भ विभाग पुन्हा नुसत्या पुस्तकांचा झाला. मला तो आवडेनासा झाला.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पाच वाजता टेबलावरचा फोन वाजला. मी सवयीने खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. पलीकडे कॅप्टनची आई होती.

"वसल?" तिने विचारलं.

"कौन?"

"कोच. घर पहुँचा?"

पोचले, म्हणून मी सांगितलं. तिचं समाधान होईना. "उसकी माँ का नंबर दो," ती म्हणाली. "मेरा लड़का का बात वो मेरे को बताता था. उसका बात उसकी माँ को कौन बताया?"

मी नंबर दिला. आठवड्याने तिचाच फोन आला. बोलणं झालं म्हणाली. कोल्हापुरातल्या त्या म्हातारीला हिंदी बेताचीच, हिला मराठी शून्य, तरी पुष्कळ वेळ बोलल्या. तुझ्या मुलाने माझ्या मुलाला कसं खेळवलं, गाव कसं वाचवलं, सगळं हिने सांगितलं.

"क्या बोली वो?" मी विचारलं.

"वही, जो कोच सबको बोलता था," ती म्हणाली, आणि बलुची जिभेवर जपून एकेक शब्द ठेवत तिने मला ऐकवलं, "पोरगं हाय. शिकंल."